फोन माझ्या हातात होता

तुमच्या शोकसभेत कारखान्यानं पाण्याच्या सीलबंद बाटल्या वाटल्या. प्रत्येक खुर्चीवर एक. तुम्ही असतात तर बाटली उजेडात धरून पाहिली असती आणि न उघडता शेजारच्याला दिली असती. लोकांनी दोन-दोन घोट घेतले आणि उरलेलं तसंच खुर्चीखाली सोडून गेले. सभा संपल्यावर अर्ध्या भरलेल्या बाटल्यांच्या रांगा आणि हार घातलेला तुमचा फोटो, एवढंच त्या हॉलमध्ये राहिलं होतं.

मॅनेजर बोलले. "साहेबांनी आयुष्यभर पाणी शुद्ध केलं आणि स्वतःही पाण्यासारखे निर्मळ राहिले." मागून कोणीतरी टाळी वाजवली, मग कुठं बसलो आहोत ते आठवून थांबला. मला दोन शब्द बोलायला बोलावलं. मी उठले, हात जोडले आणि बसले. सगळ्यांना वाटलं, बाईंना दुःखानं बोलवत नाही. दुःख होतंच. पण त्या क्षणी घशाशी आली होती ती किळस. मॅनेजरांच्या शब्दांची, त्या बाटल्यांची, फोटोतल्या तुमच्या हसण्याची, आणि हात जोडून खाली बसलेल्या माझी.

अन्वी आणि ईशाननं टोरांटोहून निरोप पाठवला आहे. "आजी, आजोबांबद्दल लिहून पाठव. बाबांना विचारलं की ते रडतात. तू नीट क्रमानं सांगतेस." तर क्रमानं सांगायला बसले आहे. पण नातवंडांशी बोलायला लागले की तुमचे गुण तेवढे बाहेर येतात, हे दोन कागद लिहून फाडल्यावर लक्षात आलं. म्हणून तुमच्याशीच बोलते आणि हा कागद त्यांना पाठवते. तुम्हाला आवडणार नाही. सहा वर्षं आपण दोघांनी जी गोष्ट घराबाहेर जाऊ दिली नाही, ती यात येणार आहे. सुखदेवची.

आधी तुमचं चांगलं सांगते. ते खरं आहे, आणि ते मी कोणाला खोडू देणार नाही.

मी अमरावतीहून लग्न होऊन खामगावला आले तेव्हा तुमच्या पँटींना बारीक भोकं असायची. अ‍ॅसिडची. तुमच्या कारखान्यात औषधाच्या गोळ्या आणि सिरप होत. त्याला क्षाराचा अंशही नसलेलं पाणी लागे, आणि आपल्याकडच्या बोअरचं पाणी असं की डाळ शिजता शिजत नाही. ते पाणी तुम्ही उंच टाक्यांमधून सोडायचात. टाक्यांत साबुदाण्यापेक्षाही बारीक मणी भरलेले असत, ते पाण्यातले क्षार धरून ठेवत. मणी भरले की एका टाकीतले अ‍ॅसिडनं धुवायचे, दुसऱ्या टाकीतले कॉस्टिक सोड्यानं. ते धुणं एकत्र करून, त्याची आग मारून मगच सोडायचं असा नियम. पण माल निघायची घाई असली की ते तसंच मागच्या नाल्यात जाई.

तो नाला तुम्ही मला दाखवायला नेलात. नव्या नवरीला लोक शेगावला नेतात, तुम्ही नाल्यावर नेलंत. काठाला पांढरा थर, मधल्या डबक्यावर तांबूस साय, आणि नाकात सुई टोचावी तसा वास. मी पदर नाकाला लावला. चार म्हशी उतारावरून खाली आल्या, पाण्याजवळ थांबल्या आणि मान फिरवून परत गेल्या. तुम्ही म्हणालात, "पाह्य. जनावराले कळते. आपल्याले पगार भेटते म्हणून कळत नाही." मी इंग्रजीची एम.ए., मोठमोठ्या लोकांची मोठमोठी वाक्यं शिकून आले होते. त्या दिवशी मला वाटलं, बरोबर माणसाशी लग्न झालं.

पुढं कित्येक वर्षं तुम्ही कारखान्याच्या मागं लागलात आणि शेवटी ते यंत्र आलं. त्याला ईडीआय म्हणतात. अ‍ॅसिड नाही, सोडा नाही, विजेवर पाणी शुद्ध करणारं. आणलं त्या दिवशी तुम्ही घरी येऊन जेवला नाहीत, नुसते बोलत राहिलात. नातवंडं लहानपणी सुट्टीत आली होती तेव्हा तुम्ही त्यांना ते कसं समजावून सांगितलं होतं, ते इथं लिहून ठेवते. ईशान तेव्हा पाच वर्षांचा होता, त्याला आठवणार नाही.

"समज, लग्नाचा मांडव हाय," तुम्ही म्हणालात. "पाणी म्हंजे मांडव. मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे दोन तुकडे होतात. एक मुलाकडचा, एक मुलीकडचा. वीज लावली की मुलाकडचे एका बाजूले पळतात, मुलीकडचे दुसऱ्या बाजूले. दोनी बाजूले पडदे लावले हायेत. एका पडद्यातून फक्त मुलाकडचे जातीन, दुसऱ्यातून फक्त मुलीकडचे. गेलं थे गेलं, वापस यायचं नाही. मंग मांडवात कोण राह्यलं?"

"नवरा-नवरी," ईशान म्हणाला.

"शाब्बास. शुद्ध पाणी."

अन्वीनं विचारलं, "आणि ते मणी कुठं गेले, आजोबा?"

"मणी मांडवातच हायेत, बाई. पाहुण्याचा हात धरून पडद्यापर्यंत नेणारी माणसं म्हंजे मणी. पहिले थे थकत, मंग त्यायले अ‍ॅसिडनं आंघोळ घाला लागे. आता वीज पाण्यालेच थोडंसं फोडते अन् त्यातूनच त्यायची आंघोळ होते. रोजच्या रोज. नाल्यात काही सोडा नाही लागत."

काही तरी सोडावं लागतंच. पडद्यापलीकडं गेलेले क्षार थोड्या पाण्याबरोबर बाहेर पडतात, हे तुम्हीच मला नंतर सांगितलंत. पण ते पाणी जाळत नाही, ते पुन्हा आधीच्या टाकीत घेता येतं. तुम्ही तसं घेऊनही दाखवलंत. दुसऱ्या वर्षी नाल्याच्या काठाला गवत आलं. एका संध्याकाळी तुम्ही मुलाला फोटो पाठवलात. त्यात डोंगर नाही, सूर्य नाही, आपण दोघंही नाही. नुसत्या पाण्यात बसलेल्या म्हशी. मुलानं विचारलं, "बाबा, हे काय आहे?" तुम्ही लिहिलंत, "माझं काम."

ते तुमचं काम होतं. मी हे विसरलेले नाही.

आता सुखदेव. जानेफळचा. तुमच्या हाताखालचा ऑपरेटर. शिक्षण दहावी, पण तुम्ही शिकवलंत आणि तो शिकला. यंत्राच्या मीटरवर आकडा जितका चढा तितकं पाणी शुद्ध, आणि तो आकडा तो तासातासाला वहीत लिहायचा. सकाळी तुम्ही आंघोळीला जाताना त्याचा फोन यायचा. "आज बरी हाय साहेब, सोळा दाखवून राह्यली," असं, जशी काही घरची गाय व्याली आहे. तुम्ही टॉवेलवर उभे राहून पाच मिनिटं बोलायचात. मी म्हणायची, "यापेक्षा सुखदेवशीच लग्न करायचं होतं." तुम्ही म्हणायचात, "त्याले इंग्रजी येत नाही ना अवं, माहे रिपोर्ट कोण लिहीन?"

ही थट्टा होती. पुढं ती थट्टा राहिली नाही.

या यंत्राला क्लोरीन चालत नाही, हे मुलांना सांगायला हवं. नळाच्या पाण्यात जंतू मरावेत म्हणून टाकतात तो क्लोरीन. तो लागला की ते मणी फुगतात, फुटतात, पुन्हा कधीच जागेवर येत नाहीत. म्हणून यंत्राच्या कितीतरी आधी कोळशाची एक टाकी असते, तिथं क्लोरीन अडवतात. त्यानंतरची स्टीलची शेवटची टाकी ही थेट यंत्राची. तिथून पुढं राखण करायला कोणी नाही. त्या टाकीवर तुम्ही स्वतःच्या हातानं पाटी रंगवलीत, "या टाकीत हातसुद्धा घालू नये." त्या टाकीचं झाकण बिजागरीतून निखळलं होतं. नवं झाकण द्या म्हणून तुम्ही तीनदा लिहून दिलंत. मॅनेजर तीनदा म्हणाले, "बघू."

तो रविवार होता. तुमच्या गावी, धाडजवळ, चुलतभावाच्या शेतात मारुतीचे रोडगे होते. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे, फोडून त्यात तुपाची धार, वरून वांग्याची भाजी आणि वरण. तुमचा हात मनगटापर्यंत तुपात. फोन वाजला तेव्हा तुम्ही कोपरानं मला खूण केलीत. मी तुमच्या खिशातून फोन काढला. "थांब सुखदेव, कानाला लावते," असं म्हणून तुमच्या कानाशी धरला. मी अगदी लागून बसले होते. पलीकडचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता.

"साहेब, शेवटच्या टाकीत पाल पडली व्हती. मेलेली. फुगलेली. काढली म्या. आता सारं पाणी सोडून देऊ का?"

"नको सोडू बे. उद्या सकाळी बॅच हाय. टाकी भराले रात्र जाईन."

"मंग काय करू? पाल हाय साहेब. किळस येते."

तुम्ही घास चावत होता. "मूठभर टीसीएल टाक. ढवळ अन् चालू कर."

"टीसीएल? त्या टाकीत चालते का पण, साहेब?"

"मी सांगून राह्यलो ना."

मी फोन ठेवला. त्याच्या काचेवर माझ्या बोटांचं तूप लागलं होतं, ते पदरानं पुसलं.

टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर, क्लोरीनची भुकटी, हे मुलांनो तुम्हाला माहीत नसेल. आपल्याकडं विहिरीत चिमणी पडो, पाल पडो, उंदीर पडो, काढून फेकतात आणि मूठभर टीसीएल टाकतात. तुमच्या आजोबांच्या आईनं टाकली, त्यांच्या आजीनं टाकली असेल. त्या दिवशी शेतात मांडी घालून जेवणारा माणूस कारखान्याचा साहेब नव्हता, तो धाडचा मुलगा होता, आणि धाडच्या मुलानं पालीवर जे सांगायचं ते सांगितलं. ही चूक होती. चुकीची मला किळस नाही. असं माणसाकडून होतं.

संध्याकाळी बोथ्याच्या घाटात तुम्ही गाडी एकदम कडेला घेतलीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर, समोर बघत. "अवं, मी सुखदेवले काय सांगतलं?"

मी सांगितलं. शब्दशः. माझी स्मरणशक्ती चांगली आहे, तुम्ही नेहमी त्याचं कौतुक करायचात. त्या दिवशी केलं नाहीत.

घाटात रेंज नव्हती. खाली आल्यावर फोन लागला. सुखदेव आनंदात होता. "टाकली साहेब, चांगली ढवळली. तीन घंटे झाले चालू करून. वासबी गेला पालीचा."

मीटर उतरू लागला तो उतरतच गेला. सोळाचा एकाच्या खाली आला. पुण्याहून माणूस आला, त्यानं यंत्र उघडलं, बोटांत मणी चुरडून दाखवले. पूर्ण संच गेला होता. चौकशी बसली. टीसीएल कोणी टाकली? सुखदेव म्हणाला, "म्या टाकली." आणि तुमच्याकडं पाहिलं. हे तुम्हीच मला त्या संध्याकाळी सांगितलंत, "त्यानं माह्याकडं पाह्यलं." तुम्ही कागदाकडं पाहत होता.

किळस इथून सुरू होते.

कारखान्याचे कागद इंग्रजीत लागत, आणि तुमचं इंग्रजी मी सुधारायची. लग्नापासूनची पद्धत. तुम्ही रिपोर्ट घरी आणलात. लिहिलं होतं की ऑपरेटरनं कोणाला न विचारता, स्वतःच्या मनानं, पाटी असतानाही टाकीत ब्लिचिंग पावडर टाकली. मी वाचलं आणि तुमच्याकडं पाहिलं.

"रिटायरमेंटले दोन वर्षं राह्यली अवं," तुम्ही म्हणालात.

"त्याला किती राहिली आहेत?"

"त्याचं वय हाय. त्याले भेटते कुठंबी."

आणि मी पेनाचं टोपण काढलं. वाक्य लांब होतं, त्याची दोन केली. "कोणाला न विचारता" दोनदा आलं होतं, एक खोडलं. मग स्वच्छ अक्षरात नक्कल करून दिली. तुम्ही म्हणालात, "छान झालं." झालंच होतं छान. चाळीस वर्षं वर्गात मी मुलींना सांगत आले की चांगली भाषा म्हणजे थोडक्यात आणि नेमकं. इतकं थोडक्यात आणि नेमकं खोटं मी दुसरं लिहिलं नाही.

सुखदेवला काढलं. त्याला कुठंबी भेटलं नाही. यंत्र जाळणारा ऑपरेटर म्हणून त्याचं नाव सगळ्या औद्योगिक वसाहतीत झालं होतं. तो जानेफळला परत गेला.

त्यानंतर तुम्ही रोडगे खाणं सोडलंत. मला कळायला वर्ष लागलं. चुलतभावाचं आमंत्रण आलं की तुमचं पोट बिघडायचं. मी एकदा सरळ म्हटलं, "रोडगे सोडून सुखदेवला काय मिळालं? जा आणि सांगा त्याला." तुम्ही पेपर वाचत होता. म्हणालात, "सांगून काय होते? गेलेली नोकरी येते का?" मी म्हटलं, "नोकरीचं मी बोलत नाहीये." तुम्ही पेपर उलटलात. हा वाद आपण कितीदा घातला असेल. दरवेळी तुम्ही पान उलटायचात आणि मी चहा ठेवायला उठायची. मला तुमचा राग यायचा, पण उठताना थोडं हलकंही वाटायचं. चला, मी बोलले. तुम्ही ऐकत नाही, त्याला मी काय करणार. रोडगे न खाणारा माणूस आणि फक्त नवऱ्याला बोलणारी बाई. किती स्वस्तात सुटत होतो आपण दोघं.

तुम्ही गेलात त्याच्या नवव्या दिवशी सुखदेव आला. त्याची बायको कमल बरोबर होती. जीपनं आले होते, दोघांच्या चपला धुळीनं भरलेल्या. माझ्यापुढं बसले. कमल डोळे पुसत म्हणाली, "साहेबासारखा माणूस नाही मॅडम. येवढं शिकोलं यायले, पोटच्या पोरासारखं. अन् यायनं काय केलं? अक्कल चालवली. त्या यंत्राच्या टाकीत टीसीएल टाकली, जशी काही गावची इहीर. सहा वर्षं झाली, मले अजून आठवलं की अंगावर काटा येते. साहेबाले किती वाईट वाटलं असीन."

सुखदेव फरशीकडं बघत होता. मी त्याच्याकडं पाहिलं नाही. मी कमलला विचारलं, "चहात साखर पुरेशी आहे का?"

हे मी तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही वर कुठं असाल तर तुम्हाला वाटायला नको की गेल्यावर मी तुमच्यापेक्षा बरी निघाले. तुम्ही नव्हता. पान उलटणारं कोणी नव्हतं. तरी मी साखरेचं विचारलं.

ते निघाले. कमल पुढं गेटापाशी गेली. सुखदेव चप्पल घालायला वाकला आणि वाकूनच म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी फोन तुमच्या हातात व्हता ना?"

मी रिकामे कप गोळा करू लागले.

"पहिले तुमचाच आवाज आला. 'थांब सुखदेव, कानाला लावते.' मले पक्कं याद हाय." तो उभा राहिला. आवाजात राग नव्हता, तोच जास्त लागला. "म्या म्हटलं, साहेब नाही त मॅडम तरी बोलतीन. मंग वाट पाह्यली."

"सुखदेव," मी म्हटलं.

"साहेब आले व्हते दोन डाव, जानेफळले. चहा पेले. पाण्याचंच इचारलं. आता म्हणतीन, आता म्हणतीन, असं मले वाटे. कप खाली ठेवला की उठत."

मला तुम्ही मेहकरला डोळे तपासायला जातो म्हणून सांगितलं होतंत. दोनदा. चष्म्याचा नंबर बदलला नाही याचं मला नवल वाटलं होतं. तिथपर्यंत गेलात, चहा प्यायलात, आणि उठलात. न जाण्यापेक्षा हे मला जास्त ओंगळ वाटतं, आणि याच गोष्टीसाठी मी दोन रात्री तुमच्यासाठी रडले. दोन्ही खरं आहे. यातलं एक खोडून मला हा कागद नीट करता येत नाही.

सुखदेव गेटाकडं बघत हळू आवाजात म्हणाला, "मले नोकरी नको आता मॅडम. गावात पाणी सोडतो, ग्रामपंचायतीत. बरं हाय. पण हिले म्या एकडाव खरं सांगतलं त हिनं काय म्हणावं? म्हणे, मेल्या पालीचं पाप जित्या माणसावर ढकलू नका. साहेब असं सांगूच शकत नाही. सहा वर्षं झाली, भाजीत मीठ जास्त झालं तरी म्हणते, तुमच्यासारखी अक्कल चालवली वाटते म्या. हिले तेवढं समजलं पाहिजे मॅडम. बाकी काही नाही."

मग तुमची शोकसभा झाली, आणि तिथं मी हात जोडून बसले, ते वर सांगितलंच.

घरी येऊन मी कागद घेतला. इंग्रजीत लिहिलं, स्वतःच्या नावानं, तारीख घालून. त्या दिवशी सूचना माझ्या पतींनी फोनवर दिली. ऑपरेटरनं शंका विचारली होती. फोन मी धरला होता. नंतरचा रिपोर्टही मी लिहून दिला होता. चार वाक्यं. खोडायला काही निघालं नाही. तो मॅनेजरांकडं पाठवला. त्यांचा फोन आला.

"मॅडम, आता हे कशाला? साहेबांचं नाव खराब होईल. आम्ही तर पाणी विभागाला त्यांच्या नावाची पाटी लावणार आहोत."

"पाटी लावू नका," मी म्हटलं. "टाकीला झाकण लावलंत का?"

ते म्हणाले, "बघतो."

तोच कागद मराठीत करून परवा मी एसटीनं जानेफळला गेले. सुखदेव गावच्या पाण्याच्या टाकीवर होता. मला बघून शिडीवरून उतरला. हाताला पांढरी भुकटी लागलेली, टीसीएलची. ती पँटीला पुसत ओशाळं हसला. "इथं टाकाच लागते मॅडम. नाही टाकली त लोक शिव्या देतात." आम्ही त्याच्या घरी गेलो.

कमलनं मला बघताच पाट टाकला आणि पाण्याचा ग्लास घेऊन आली. आपल्याकडं उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाणी, मग बोलणं. ती ग्लास पुढं करणार तेवढ्यात मी म्हटलं, "कमल, आधी ऐक. मग दे." क्रम मला महत्त्वाचा वाटला. पाणी पिऊन मग सांगणं मला जमलं नसतं.

मी कागद वाचला नाही. नुसतं सांगितलं. रोडगे, तुपाचा हात, माझ्या हातातला फोन, पालीची किळस, "चालते का पण, साहेब," "मी सांगून राह्यलो ना." रिपोर्टचंही सांगितलं, कोणी लिहिला ते. कमल ग्लास धरून उभी होती. मध्येच ती खाली बसली, आणि ग्लास तिनं स्वतःच्या बाजूला जमिनीवर ठेवला.

मग ती नवऱ्याला म्हणाली, "मंग तुमी काऊन नाही सांगतलं?"

"सांगतलं व्हतं."

"परत काऊन नाही सांगतलं? मी म्हटलं म्हणून गप बसले? मी येवढी शायनी हावो का?"

कमल त्याच्याकडं बघत राहिली. सहा वर्षांत तिनं त्याला काय काय म्हटलं असेल, ते सगळं तिच्या तोंडावरून जाताना मला दिसलं. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. नाल्यावर उतरून आलेल्या म्हशीनं पाण्याकडं पाहिलं होतं तसं.

सुखदेवनं ग्लास उचलला आणि माझ्यापुढं धरला. "घ्या मॅडम. वास येईन थोडा, आत्ताच टाकली."

"राहू द्या," कमल म्हणाली. "जाऊ द्या तशाच."

मी कागद पाटावर ठेवला आणि उठले. एसटीला वेळ होता. थांब्यावर टपरीत सीलबंद बाटल्या होत्या. घशाला कोरड पडली होती, तरी घेतली नाही.

मुलांनो, हे वाचून तुम्हाला आजोबांबद्दल काय वाटेल ते मला माहीत नाही. ज्या माणसानं नाला वाचवला तोच हा माणूस. दोघं वेगळे करणारं यंत्र माझ्याकडं नाही. माझ्याबद्दल काय वाटेल तेही रविवारच्या फोनवर सरळ बोला, गोड करून बोलू नका.

आणि तुम्हाला काय सांगू. दहाव्याला नदीवर सगळ्यांनी ओंजळीनं तुम्हाला पाणी दिलं. मुलानं, भावांनी, कारखान्याच्या लोकांनीही. तुम्ही काही न सांगता ते घेऊन गेलात. माझं पाणी मात्र जानेफळात राहिलं आहे. आषाढ लागला की पुन्हा जाईन. कमल देईल त्या दिवशी पिईन, टीसीएलच्या वासासकट.